पेटीबंद विष



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते रात्रशाळेत गिरणी कामगारांना विज्ञान शिकवत. म्हणून आज विषय सोपा करून सांगण्यापेक्षा नीट सांगायचा माझा प्रयत्न राहील. दिवसभर साच्यावर उभं राहून आलेल्या माणसालाही नीट सांगितलेलं कळतं, असा त्यांचा विश्वास होता आणि माझाही आहे.

प्रयोगशाळेतल्या एका काचनळीपासून सुरुवात करतो. जुलाबाच्या रुग्णाचा नमुना आला आणि साल्मोनेला जंतूचा संशय असला, की तो टेट्राथायोनेट ब्रॉथ नावाच्या द्रवात घालण्याची पद्धत आहे. नळीच्या तळाशी खडूच्या भुकटीचा पांढरा थर असतो. जंतू वाढताना जे आम्ल तयार होतं ते मारायला हा खडू. आयोडीन मात्र वापरायच्या दिवशीच घालायचं, आधी घालून ठेवलं की नळी वाया जाते. द्रवातल्या थायोसल्फेटवर आयोडीनची क्रिया होऊन टेट्राथायोनेट बनतं. नळी रात्रभर ३७ अंशांवर ठेवली, की विष्ठेतले इतर जंतू मागे पडतात आणि साल्मोनेला पुढे सरकतो. दुसऱ्या दिवशी त्यातला थेंब एक्सएलडी या लालसर माध्यमावर ओढायचा. आणखी एका रात्रीनं त्यावर लाल कडेच्या, मधोमध काळ्याभोर वसाहती उगवलेल्या दिसतात. लिओपोल्ड म्यूलर यांनी ही युक्ती १९२३ साली काढली आणि जगभरातल्या तंत्रज्ञांनी ती पिढ्यान् पिढ्या वापरली. पण साल्मोनेलालाच टेट्राथायोनेट एवढं का मानवतं, याचं पूर्ण उत्तर मिळायला २०१० साल उजाडलं. त्या उत्तराची वाट जंतूच्या पोटातल्या एका पेटीवरून जाते. आज त्या पेटीविषयी बोलायचं आहे.

जंतूला म्हणजे जिवाणूला आतल्या खोल्या नसतात, असं आपण शाळेत शिकलो. आपल्या पेशीत केंद्रक असतं, तंतुकणिका असतात, प्रत्येकीला स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. जिवाणूच्या पेशीत सगळा कारभार एकाच दालनात. हे वर्णन अपुरं आहे, याची पहिली खूण १९५६ साली मिळाली. ड्रेव्ह्स आणि निक्लोविट्झ या जर्मन संशोधकांना एका नील-हरित जिवाणूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अनेक पैलूंचे ठिपके दिसले. विषाणूच्या डोक्यासारखे दिसणारे हे ठिपके काय आहेत ते लगेच उमगलं नाही. १९७३ साली जेसप शाइव्हली यांनी गंधकावर जगणाऱ्या एका जिवाणूतून ते वेगळे काढले आणि त्यांच्या आत कार्बन डायऑक्साइड पकडणारं एन्झाइम ठासून भरलेलं असल्याचं दाखवलं. पेटीचं आवरण शुद्ध प्रथिनाचं होतं. स्निग्ध पदार्थाचा त्यात अंशही नव्हता.

प्रकाशावर किंवा गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंचीच ही खासियत असेल, असं बराच काळ वाटत राहिलं. मग १९९४ साली जॉन रॉथ यांच्या प्रयोगशाळेत साल्मोनेलाची काही जनुकं वाचताना एक जनुक थेट त्या कार्बन पकडणाऱ्या पेटीच्या आवरणाच्या जनुकाशी जुळलं. साल्मोनेला काही प्रकाशावर जगत नाही. त्याला कार्बन डायऑक्साइड पकडायचं कारणच काय? १९९९ साली थॉमस बोबिक आणि सहकाऱ्यांनी साल्मोनेला प्रोपेनडायॉल नावाच्या अन्नावर वाढवला आणि तशाच पैलूदार पेट्या त्याच्या पोटात दिसल्या. ग्लुकोजवर वाढवलेल्या साल्मोनेलात त्या दिसत नाहीत. म्हणजे पेटी कायमची नसते. ठरावीक अन्न समोर आलं तरच जंतू ती बांधायला घेतो.

साल्मोनेलाची ही पेटी १०० ते १५० नॅनोमीटरची असते. एक मिलिमीटरच्या ओळीत अशा सुमारे सात ते दहा हजार पेट्या बसतील. एवढ्याशा वस्तूत सुमारे १८ ते २० हजार प्रथिनरेणू असतात. आवरण प्रामुख्यानं षट्कोनी फरश्यांचं, एकमेकींना घट्ट भिडलेल्या. नुसते षट्कोन जोडत गेलं तर सपाट पत्रा तयार होतो, बंद आकार मिळत नाही. म्हणून कोपऱ्यांवर पंचकोनी तुकडे लागतात. फरश्यांच्या मधोमध नॅनोमीटरच्या काही दशांश रुंदीचं छिद्र असतं आणि पेटीत काय जाईल, काय अडेल हे त्या छिद्रावर ठरतं. टॉड येट्स आणि शेरिल करफेल्ड यांच्या गटांनी २००५ पासून या फरश्यांची अणूगणिक रचना उलगडत नेली. आपल्याकडे मोहालीच्या नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत शर्मिष्ठा सिन्हा यांचा गट याच प्रोपेनडायॉलच्या पेटीवर काम करतो.

पेटी कशासाठी, हे लालबागच्या मसाला गल्लीतून गेलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही. डंकावर मिरची कुटताना तिथला खकाणा भर रस्त्यात सोडला तर गल्लीतलं एक माणूस उभं राहणार नाही. जंतूचंही तसंच: प्रोपेनडायॉल फोडायच्या पहिल्याच पायरीवर प्रोपिऑनाल्डिहाइड नावाचा पदार्थ तयार होतो. तो प्रथिनांना आणि डीएनएला चिकटतो, त्यांची नासाडी करतो. आवरणाची जनुकं काढून टाकलेला साल्मोनेला या अन्नावर वाढू लागतो आणि लवकरच आपल्याच विषानं अडखळून थांबतो, हे बोबिक यांच्या प्रयोगशाळेनं २००८ साली दाखवलं. पेटी शाबूत असेल तर विष आतच राहतं, पुढचं एन्झाइम बाजूलाच उभं असतं आणि त्या विषाचं पाहतापाहता प्रोपिऑनिक आम्ल आणि ऊर्जा यांत रूपांतर होतं. छिद्रांतून प्रोपेनडायॉल सहज आत येतं, पण आल्डिहाइड तितक्या सहज बाहेर पडत नाही.

पहिल्या पायरीच्या एन्झाइमला बी-१२ जीवनसत्त्व लागतं. वापरता वापरता बी-१२ बिघडतं. त्याची दुरुस्ती करणारी प्रथिनंही याच पेटीत बसवलेली असतात. साल्मोनेला हे जीवनसत्त्व स्वतः बनवतो, त्याची जनुकं प्रोपेनडायॉलच्या जनुकांना लागूनच आहेत आणि दोन्ही एकाच इशाऱ्यावर चालू होतात. पण तो बी-१२ बनवतो ते फक्त प्राणवायू नसताना, आणि प्राणवायूशिवाय प्रोपेनडायॉल जाळून त्यावर वाढायचं तर इलेक्ट्रॉन सोपवायला दुसरा कुणीतरी लागतो. कोण? रॉथ यांच्या गटानं २००१ साली उत्तर दिलं: टेट्राथायोनेट. आपल्या नळीतलंच. तरी एक अडचण उरली होती, माणसाच्या आतड्यात टेट्राथायोनेट येणार कुठून? २०१० साली अँड्रियास बॉय्मलर यांच्या प्रयोगशाळेतले सेबॅस्टियन विंटर आणि सहकारी यांनी तेही दाखवलं. आतड्यात जंतू सल्फरचा विषारी वायू सोडतात, आतड्याचं अस्तर त्याचं थायोसल्फेट करून त्याला निरुपद्रवी बनवतं. साल्मोनेलानं आतड्याला सूज आणली, की आपल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जंतू मारायला प्राणवायूचे प्रखर रेणू सोडतात. नळीत आयोडीन जे करतं तेच हे रेणू इथे करतात: थायोसल्फेटचं टेट्राथायोनेट होतं. आपला मारा साल्मोनेलाच्या पथ्यावर पडतो. आतड्यातल्या इतर बहुतेक जंतूंना या स्थितीत अन्नाचा लाभ घेता येत नाही, याला घेता येतो.

मला या हकिगतीत सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की म्यूलर यांनी काचेच्या नळीत नकळत आजारी आतडं उभं केलं होतं.

आता शेजाऱ्यांकडे वळू. साल्मोनेलाला हे प्रोपेनडायॉल देतं कोण? आतड्याच्या अस्तरावर जो चिकट थर असतो त्यात फ्यूकोज नावाची साखर असते. भाज्या-फळांतून ऱ्हॅम्नोज येते. आपल्या आतड्यात नेहमी राहणारे बॅक्टेरॉइडिस जातीचे जंतू या साखरा खातात आणि प्रोपेनडायॉल टाकतात. २०१७ साली बॉय्मलर यांच्याच गटानं दाखवलं की सुजलेल्या आतड्यात साल्मोनेला फोफावतो तो या शेजाऱ्यांच्या उरल्यासुरल्यावर. मग बॅक्टेरॉइडिस वाईट म्हणायचा का? तो तर निरोगी माणसाच्या पोटात कोट्यवधींनी असतो आणि अन्न पचवायला मदत करतो.

दुसऱ्या बाजूनं पाहा. रोझबुरिया इन्युलिनिव्होरान्स हा आतड्यातला अगदी सज्जन समजला जाणारा रहिवासी. त्याला फ्यूकोजवर वाढवलं तर त्याच्यातही अशाच पेटीच्या आवरणाची जनुकं जागी होतात आणि तो प्रोपिऑनिक आम्ल देतो, ते आपल्या शरीराला उपयोगी पडतं. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जंतूत २००८ साली पेट्या दिसल्या. हा जंतू ग्लिसरॉलपासून त्याच घराण्यातलं एक आल्डिहाइड बनवतो आणि ते बाहेर सोडतो. त्याला रॉयटेरिन म्हणतात. आजूबाजूचे जंतू त्यानं मरतात. साल्मोनेलाच्या दृष्टीनं जे कोंडून ठेवायचं, ते याच्या हाती शस्त्र आहे. आईच्या दुधातल्या साखरांतही फ्यूकोज जडवलेलं असतं. तान्ह्या बाळाच्या पोटातले बायफिडो जंतू त्याचं प्रोपेनडायॉल करतात आणि ते पुढच्या जंतूंच्या वाट्याला येतं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली तेव्हा त्यांच्यासमोर होती ती अपुऱ्या दिवसांची, संसर्गानं दगावणारी बाळं. त्या दुधाबरोबर बाळाच्या आतड्यातल्या जंतूंचंही जेवण पोचतं, याचा तपशील आपल्याला पुढे कळत गेला.

म्हणून ‘चांगले जंतू’ आणि ‘वाईट जंतू’ ही जाहिरातींची भाषा मला मान्य नाही. हल्ली विष्ठेचा नमुना पाठवा, पोटातल्या जंतूंची यादी घ्या, अशा चाचण्या हजारो रुपयांना विकल्या जातात. यादी नावांची असते. पुण्यात योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यांतले जंतू अभ्यासून इथे प्रिव्होटेला जातीचं प्राबल्य असल्याचं दाखवलं. समाजाच्या पातळीवर अशी माहिती मोलाची आहे. पण एका माणसाच्या हाती नुसती नावं दिली तर त्यांतून औषध निघत नाही. रॉयटेरीचंच पाहा. माणसांत सापडणाऱ्या वाणांत पेटीची आणि बी-१२ची जनुकं आढळतात, उंदरांतल्या बहुतेक वाणांत ती नाहीत. नाव एकच, कर्तब वेगळं. पेटी आहे का, तिच्यात काय भरलंय आणि आतड्यात त्या घटकेला काय चाललंय, हे विचारलं पाहिजे. ते त्या कागदावर नसतं.

बी-१२चा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करतो. पोटातले जंतू बी-१२ बनवतात, मग शाकाहाऱ्यांनी काळजी कशाला करायची, असं सर्रास ऐकू येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातले खेड्यांतले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले ४४१ पुरुष तपासले होते. दर तिघांत दोघांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं, आणि मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. जंतू बी-१२ बनवतात ते मुख्यतः मोठ्या आतड्यात. आपलं शरीर ते शोषतं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे त्याच्या आधीच्या टप्प्यावर. वेल्लोरच्या संशोधकांनी १९८० साली लहान आतड्यातलेही काही जंतू हे जीवनसत्त्व करतात असं दाखवलं होतं, ते खरं. पण पुण्याचे आकडे सांगतात की त्यावर विसंबून चालत नाही. शिवाय ज्या जंतूंना पेट्या चालवायच्या असतात त्यांना बी-१२ स्वतःलाच हवं असतं. हाता-पायाला मुंग्या येत असतील, थकवा जात नसेल, तर डॉक्टरांना विचारून रक्त तपासा आणि गरज असेल तर गोळी घ्या.

अंडी आणि मांस यांच्यातल्या कोलीन या पोषकद्रव्याबद्दल थोडक्यात बोलतो. काही आतड्यातले जंतू कोलीन अशाच पेटीत फोडतात. त्यातून निघणारा ट्रायमिथाइलअमिन हा माशाच्या वासाचा पदार्थ यकृतात जाऊन बदलतो आणि त्याचं रक्तातलं प्रमाण हृदयविकाराशी जोडलेलं आढळलं आहे. स्मरांडा क्राचून आणि एमिली बाल्स्कस यांनी २०१२ साली त्यामागचं जनुक शोधलं. हा पदार्थ विकाराचं कारण आहे की नुसता सोबती, हा वाद मिटलेला नाही. तेव्हा अंडं बंद करायला मी कुणाला सांगणार नाही.

टायफॉइडकडे येतो, कारण मध्य मुंबईत हा आजार ठाऊक नसलेलं घर विरळा. टायफॉइडचा जंतू जुलाबाच्या साल्मोनेलाचाच भाऊ. पण त्याचा रोगी पाहा: ताप चढत जातो, जीभ पांढरी होते, कित्येकांना जुलाबाऐवजी बद्धकोष्ठ होतो. हा जंतू आतड्यात ठाण मांडत नाही. आतड्याची भिंत ओलांडून रक्तात, यकृतात, प्लीहेत, पित्ताशयात जातो. २००१ साली त्याचा जनुकसंच वाचला तेव्हा दोनशेहून अधिक जनुकं मोडकी निघाली. २०१४ साली नुचिओ आणि बॉय्मलर यांनी अनेक साल्मोनेला ताडून पाहिले. टायफॉइडच्या जंतूत टेट्राथायोनेटची, प्रोपेनडायॉलच्या पेटीची, इथेनॉलअमिन हे आणखी एक अन्न फोडणाऱ्या दुसऱ्या पेटीची आणि बी-१२ची जनुकं जागोजाग निकामी झालेली आढळली. ज्यानं आतडं सोडलं त्याला आतड्यातल्या मेजवानीची सामग्री लागत नाही, आणि न लागणारी जनुकं पिढ्यांच्या ओघात मोडत जातात. रोगाची लक्षणं आणि जनुकांची पडझड एकमेकांशी इतकी जुळलेली उदाहरणं मला फार माहीत नाहीत.

आता मध्य मुंबईतल्या नायगावच्या पूर्वेला पाहा. शिवडीचं क्षयरोग रुग्णालय आणि वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय, दोन्ही तिथून जवळ. अ‍ॅकवर्थ हे मुंबईचे तेव्हाचे महापालिका आयुक्त. त्यांच्या पुढाकारानं १८९० साली हे रुग्णालय उभं राहिलं.  

क्षयाचा आणि कुष्ठाचा जंतू आपल्या आतड्यातल्या नेहमीच्या मंडळींपैकी नव्हेत, पण दोघांकडेही प्रथिनांची, आणखी एका जातीची पेटी आहे. ती फारच लहान. क्षयाच्या जंतूची पेटी ६० एकसारख्या तुकड्यांची, सुमारे २४ नॅनोमीटरची. तिच्या तुकड्याची घडी जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंच्या कवचाच्या घडीसारखी आहे. बहुधा कधीकाळी शिरलेल्या विषाणूचं कवचच जिवाणूनं कामाला लावलं असावं. कुष्ठाच्या जंतूची गोष्ट टायफॉइडच्या नेमकी उलट. २००१ साली वाचलेल्या त्याच्या जनुकसंचात १,६०० च्या आसपास चालती जनुकं आणि ११०० हून अधिक मोडकी होती. एवढी पडझड दुसऱ्या जंतूंत क्वचितच दिसते. तरीही पेटीचं प्रथिन त्यानं राखलं आहे. रुग्णांच्या रक्तात ज्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं ठळक आढळतात असं ३५ किलोडाल्टनचं प्रथिन कुष्ठाच्या संशोधकांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. ते अशाच पेटीचं निघालं.

क्षयाच्या पेटीत एक पेरॉक्सिडेज एन्झाइम असतं. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात तेव्हा त्याच्यावर एकाच वेळी आम्ल आणि प्राणवायूचे प्रखर रेणू सोडतात. २०२१ साली बर्कलेच्या सारा स्टॅन्ली आणि डेव्हिड सॅव्हेज यांच्या गटांनी पेटी नसलेले क्षयाचे जंतू तयार केले. नुसत्या आम्लात किंवा नुसत्या प्रखर रेणूंत नव्हे, तर दोन्ही एकत्र आले की ते ढासळत होते, आणि पायराझिनामाइड या औषधाला अधिक लवकर बळी पडत होते. क्षयाच्या उपचारातल्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या गोळ्या दिल्या जातात त्यांत पायराझिनामाइड असतं, आणि त्याचा जोर आम्लाच्या परिस्थितीतच चालतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. आता दोन गोष्टी एकत्र वाचता येतात: औषध जिथे काम करतं, नेमकी तिथेच पेटी जंतूला वाचवते.

तेव्हा पेटीचे ६० तुकडे एकमेकांत बसूच द्यायचे नाहीत, किंवा आतल्या एन्झाइमला अडवायचं, असा रेणू सापडला तर जुन्याच गोळीला धार चढेल. असं औषध आज कोणत्याही रुग्णालयात नाही. क्षयाच्या जंतूची मेणचट भिंत ओलांडून आत जाणारा रेणू शोधणं हेच या वाटेवरचं सर्वांत अवघड काम आहे, आणि तो सापडला तरी प्रयोगशाळेत वाढवलेल्या एका ठरावीक वाणावर चालला म्हणून भागणार नाही. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या, रुग्णांच्या थुंकीतून वेगळ्या काढलेल्या वाणांवर तो चालावा लागेल.